डॅनियल बून विधिमंडळातही होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील आद्य वसाहतकऱ्यांविषयी आपल्या रविवार पुरवणीत सुरू असलेल्या मालिकेतील डॅनियल बून यांच्यावरचा लेख वाचला. लेख रसाळ आहे, केंटकीत उतरणाऱ्या कम्बरलँड या डोंगरी घाटाचे वर्णन तर सुरेखच उतरले आहे; परंतु त्यातील बून म्हणजे अस्वलामागे धावणारा, शॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या तावडीतून निसटणारा आणि शेजारी दुसरे घर उभे राहिले की गाशा गुंडाळून पुढच्या रानात निघून जाणारा एक अवलिया, एवढाच उरला आहे. हेच बून व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळावर तीनदा, आणि तेही तीन निरनिराळ्या काउंट्यांतून (जिल्ह्यांतून) निवडून गेले होते, याचा लेखात साधा उल्लेखही नाही. ही बाब किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ती वगळली की त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध कळेनासा होतो आणि मग 'गर्दीला कंटाळून केंटकी सोडले' अशा दंतकथेवर वेळ मारून न्यावी लागते.

बून यांचा जन्म 1734 साली पेनसिल्व्हेनियात, आजच्या रेडिंग शहराजवळ, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका कुटुंबात झाला. वडील विणकर आणि लोहार होते. मुलांची लग्ने पंथाबाहेर झाल्यावरून पंथाच्या मंडळाशी त्यांचे बिनसले आणि 1750 मध्ये हे कुटुंब दक्षिणेकडे निघून उत्तर कॅरोलिनातील याडकिन नदीच्या खोऱ्यात स्थिरावले. पुढे ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉक यांच्या फ्रेंचांविरुद्धच्या 1755 च्या फसलेल्या मोहिमेत बून गाडीवान होते, 1756 मध्ये रिबेका ब्रायन यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि 1769 मध्ये ते घाट ओलांडून केंटकीत शिकारीला गेले. हा सर्व भाग लेखात आला असल्यामुळे मी तो इथे पुन्हा उगाळत नाही.

लेखात न आलेला प्रसंग 1775 च्या मे महिन्यातला आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये रिचर्ड हेंडरसन यांच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने सिकामोर शोल्स येथे चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीकडून केंटकीच्या मोठ्या भूभागाचा सौदा केला, आणि बून यांनी तीसेक कुऱ्हाडवाले बरोबर घेऊन घाटातून केंटकी नदीपर्यंत वाट काढली. तिथे उभी राहिलेली वस्ती म्हणजे बून्सबरो. वस्तीला अजून धड कुंपणही नव्हते, तोच हेंडरसन यांनी चार वस्त्यांचे प्रतिनिधी बोलावून एका प्रचंड एल्म वृक्षाच्या सावलीत सभा भरवली. डोक्यावर छप्पर नसलेल्या या सभेने अध्यक्ष निवडला, कायद्यांचे मसुदे मांडले, त्यांची वाचने केली आणि न्यायालये, मिलिशिया (नागरिकांची सेना), जनावरांची चराई अशा विषयांवर चार-पाच दिवसांत नऊ कायदे संमत केले. बून या सभेत बून्सबरोचे प्रतिनिधी म्हणून बसले होते आणि त्यांच्या नावावर दोन प्रस्ताव आहेत: एक शिकारीच्या प्राण्यांचे रक्षण करण्याविषयी, दुसरा घोड्यांची पैदास सुधारण्याविषयी.

पहिला प्रस्ताव नीट पाहण्यासारखा आहे. वस्ती होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, पण गवे (बायसन) इतक्या बेफामपणे मारले जात होते, आणि पुष्कळदा थोडेसे मांस काढून बाकीचे धड तसेच कुजत टाकले जात होते, की शिकाऱ्यांना मांसासाठी पंधरा-वीस मैल लांब जावे लागत असल्याची नोंद हेंडरसन यांनी आपल्या रोजनिशीत केली आहे. ज्या माणसाचे पोट कातड्यांच्या व्यापारावर चालत होते त्यानेच शिकारीवर निर्बंध घालणारा कायदा मांडावा, यात मला कसलाही विरोधाभास दिसत नाही. रानाचा हिशेब त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? घोड्यांच्या प्रस्तावाचेही तसेच होते. डोंगरापलीकडून मीठ, दारू, शिसे जे काही यायचे ते घोड्याच्या पाठीवरूनच यायचे. कंपनीचे हे राज्य अर्थात टिकले नाही. व्हर्जिनियाने 1776 च्या अखेरीस केंटकी काउंटी स्थापन केली आणि 1778 मध्ये कंपनीचा सौदाच रद्दबातल ठरवला. कंपनीला भरपाई म्हणून 2 लाख एकर मिळाले, पण वाट तोडणाऱ्या बून यांच्या पदरात त्यातले काही पडले नाही.

व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर ते प्रथम गेले 1781 मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना. आदल्या वर्षी केंटकीचे तीन काउंट्यांत विभाजन झाले होते आणि त्यांपैकी फेएट काउंटीने त्यांना पाठवले. तेव्हा ते 46 वर्षांचे होते, काउंटीच्या मिलिशियाचे लेफ्टनंट कर्नल होते, आणि 1778 च्या शॉनी कैदेनंतर त्यांच्यावर चाललेल्या लष्करी चौकशीतून निर्दोष सुटून त्यांना बढतीही मिळाली होती. मतदारांना त्यांच्या निष्ठेविषयी शंका उरली नव्हती, हे त्या निवडीवरूनच उघड होते. राजधानी रिचमंडला जायचे म्हणजे कित्येक आठवड्यांचा घोड्यावरचा प्रवास. तिथे पोचावे तो ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस यांच्या सैन्याच्या भीतीने विधिमंडळ शार्लट्सव्हिलला हलवलेले! 3 जूनच्या रात्री जॅक जौएट नावाच्या तरुणाने सुमारे चाळीस मैल घोडा दौडवत ब्रिटिश अधिकारी टार्लटन यांचे घोडेस्वार येत असल्याची खबर आणली, गव्हर्नर थॉमस जेफरसन मॉन्टिसेलो या आपल्या घरातून थोडक्यात निसटले, बहुतेक सभासद डोंगरापलीकडे स्टॉन्टनला पळाले. पण जे मोजके सभासद 4 जूनला इंग्रजांच्या हाती लागले त्यांत बून होते. काही दिवसांनी वचनावर त्यांची सुटका झाली. शॉनींच्या कैदेची कथा पानभर रंगवणाऱ्या लेखकाने ही कैद सोडून द्यावी याचे नवल वाटते, कारण बून यांना शत्रूने पकडले ते या वेळी ते लोकप्रतिनिधी होते म्हणून.

आता जमिनीकडे येतो, कारण खरे दुखणे तिथे आहे. व्हर्जिनियाने 1779 मध्ये जो जमीन कायदा केला, त्यानुसार 1778 पूर्वी केंटकीत वसलेल्या माणसाला 400 एकर आणि त्याला लागून 1000 एकर प्रथम खरेदीचा हक्क मिळणार होता. याखेरीज कोणीही, केंटकीत पाऊल न टाकताही, राज्याच्या खजिन्यात पैसे भरून 100 एकरांना 40 पौंड कागदी चलन या दराने वॉरंट, म्हणजे जमिनीवर दावा लावण्याचा परवाना, घेऊ शकत होता. वॉरंट मिळाले म्हणजे जमीन मिळाली असे मात्र नव्हते. ते घेऊन काउंटीच्या सर्वेअरकडे जागेची नोंद करायची, मग प्रत्यक्ष मोजणी करून घ्यायची, नकाशा जमीन कार्यालयात दाखल करायचा, आणि एवढे झाल्यावर गव्हर्नरच्या सहीचा दाखला यायचा. या साखळीत एक कडी निसटली, एखादी मुदत हुकली, नोंदीतले वर्णन मोघम ठरले, की सारे मुसळ केरात.

त्यात सरकारने आधी स्वतः भूभागाची मोजणी करून तुकडे पाडलेले नव्हते. दावेदार आपल्या सोयीने हद्द सांगायचा: अमुक ओढ्याच्या मुखापासून इतक्या अंतरावर, सालीवर आद्याक्षरे कोरलेल्या अमुक झाडापासून सुरुवात, तिथून दोन ओक वृक्षांपर्यंत, आणि असेच फिरून पुन्हा त्या पहिल्या झाडाशी. झाड पडले किंवा कोणी मुद्दाम तोडले तर हद्द गेली. परिणामी एकाच जमिनीवर तीन-तीन, चार-चार दावे छपराच्या फळ्यांसारखे एकावर एक चढले. निकाल मग कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या बाजूने लागत नसे. ज्याच्याकडे आधीच्या तारखेचा आणि नेमक्या शब्दांचा कागद, आणि तो न्यायालयात मांडायला वकील, त्याच्या बाजूने लागे.

बून या व्यवहारात केवळ बळी नव्हते, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. 1780 च्या दशकात ते स्वतः मोजणीचे काम करत, इतरांसाठी जमिनी शोधत, मोबदल्यात जमिनीचा वाटा घेत आणि हजारो एकरांचे दावे स्वतःच्या नावावर लावत. त्यांच्या मोजण्या घाईच्या असत, नोंदी ढिल्या असत, आणि दिलेल्या शब्दावर भिस्त ठेवून व्यवहार करण्याची त्यांची सवय या धंद्यात अगदीच गैरसोयीची होती. 1780 मध्ये स्वतःचे आणि शेजाऱ्यांचे पैसे घेऊन वॉरंट खरेदीसाठी पूर्वेकडे जात असताना वाटेतल्या खाणावळीत झोपेत त्यांची सारी रक्कम चोरीला गेली. काही शेजाऱ्यांनी ती सोडून दिली, काहींनी मागितली, आणि ज्यांनी मागितली त्यांची भरपाई करण्यात त्यांची पुढची कित्येक वर्षे गेली. पुढे त्यांनी विकलेल्या जमिनींचे हक्क सदोष ठरू लागले, तेव्हा खरेदीदारही त्यांच्याच दारात उभे राहिले. एका बाजूला स्वतःचे दावे हातचे जात आहेत, दुसऱ्या बाजूला विकलेल्या जमिनींची जबाबदारी अंगावर येते आहे, असा तो दुहेरी मार होता.

याच काळात ते विधिमंडळावर आणखी दोनदा गेले. दुसऱ्या खेपेस, 1787 मध्ये, ते ओहायो नदीकाठच्या लाइमस्टोन येथे, म्हणजे आजच्या मेजव्हिलमध्ये, खाणावळ आणि दुकान चालवत होते आणि बूर्बन काउंटीने त्यांना निवडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लाइमस्टोनसमोर शॉनींशी कैद्यांची अदलाबदल झाली, तीत दोन्ही बाजूंना ओळखणारा माणूस म्हणून बून पुढे होते. ज्याने आपल्या दोन मुलांना सीमेवरच्या लढायांत गमावले, एक 1773 मध्ये आणि दुसरा 1782 च्या ब्लू लिक्सच्या लढाईत, तो ही बोलणी करत होता हे ध्यानात घ्यावे. तिसऱ्या खेपेस, 1791 मध्ये, ते आजच्या वेस्ट व्हर्जिनियातील कनावा काउंटीतून गेले. रिचमंडमध्ये असतानाच त्यांनी गव्हर्नर हेन्री ली यांना पत्र लिहून सीमेवरच्या मिलिशियाला दारूगोळा आणि शिधा पोचवण्याचे कंत्राट मागितले, आणि ते मिळवलेही. सभासदाने सरकारी कंत्राट मागावे यात तेव्हा कोणाला काही वावगे वाटले नसावे; आज निश्चितच वाटले असते. कंत्राट अंगलट आले, मिलिशियाच्या कप्तानाशी खटका उडाला आणि बून ते अर्ध्यावर टाकून निघून गेले. तेव्हा विधिमंडळातील त्यांची कारकीर्द थोर होती, असे माझे म्हणणे नाही. तिथल्या वादविवादांवर त्यांची छाप दिसत नाही. पण सीमेवरच्या तीन वेगवेगळ्या काउंट्यांतील मतदारांना दूरच्या राजधानीत आपली बाजू मांडायला हाच माणूस योग्य वाटला, ही गोष्ट 'माणसांपासून पळणारा' या चित्राशी कशी जुळवायची, हे लेखकाने सांगावे.

याच संदर्भात एक कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. केंटकी 1792 मध्ये स्वतंत्र राज्य झाले आणि कम्बरलँड घाटातली ती वाट गाड्या जातील एवढी रुंद करायचे ठरले. 1796 च्या फेब्रुवारीत बून यांनी गव्हर्नर आयझॅक शेल्बी यांना पत्र लिहून हे काम आपल्याला देण्याची विनंती केली. शुद्धलेखन सर्वस्वी त्यांचे स्वतःचे, विरामचिन्हांना रजा. पण मुद्दा लख्ख आहे. ती वाट आपण मार्च 1775 मध्ये पहिल्यांदा आखली, त्या कष्टांबद्दल आपल्याला कधी काही मिळाले नाही, आपण मुत्सद्दी नसू, रानातला माणूस असू, पण ती वाट आखायला आणि तोडायला इतर कोणाहीइतकेच समर्थ आहोत, असे ते म्हणतात. तीन वेळा विधिमंडळात बसलेला 61 वर्षांचा माणूस नोकरीच्या अर्जात स्वतःला असा मांडतो. काम त्यांना मिळाले नाही.

यानंतरची दोन वर्षे पाहिली की केंटकी सोडण्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. करथकबाकीपोटी त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. 1798 मध्ये एका खटल्यात साक्षीला हजर न राहिल्याबद्दल त्यांच्या अटकेचे वॉरंट निघाले, आणि त्याच वर्षी त्याच राज्याच्या विधिमंडळाने एका नव्या काउंटीला त्यांचे नाव दिले. 1799 मध्ये, पासष्टीला टेकलेले असताना, ते कुटुंबासह तेव्हाच्या स्पॅनिश लुइझियानात, आजच्या मिझुरीत गेले. 'मोकळी जागा हवी म्हणून' ही सबब नंतरच्या कथाकारांनी त्यांच्या तोंडी घातली. ते गेले ते कर्ज, खटले आणि नवी जमीन मिळण्याचे आश्वासन यांमुळे, आणि एकटे तर मुळीच गेले नाहीत; मुले, सुना, जावई, नातेवाईक असा मोठा परिवार बरोबर होता.

तिथेही सार्वजनिक काम सुटले नाही. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी 1800 मध्ये त्यांना फेम ओसेज भागाचे सिंडिक नेमले. न्याय देणे, जमिनीच्या तंट्यांचा निवाडा करणे, नव्यांना जागा नेमून देणे अशी कामे त्यांत येत, आणि बून ती कायद्याच्या पुस्तकापेक्षा स्वतःच्या न्यायबुद्धीने करत. केंटकीत कागदाने ज्याला लुबाडले, तो इथे तंटे मिटवत होता! स्वतःसाठी मिळालेल्या 1000 आर्पांची, म्हणजे सुमारे 850 एकरांची, सनद मात्र त्यांनी न्यू ऑर्लीन्सहून पक्की करून घेतली नाही, कारण सिंडिकला त्याची आणि जमीन कसण्याच्या अटीची गरज नाही असे त्यांना अधिकाऱ्याने तोंडी सांगितले होते. 1803 मध्ये हा मुलूख अमेरिकेने विकत घेतला, दाव्यांची छाननी झाली आणि बून यांचा दावा फेटाळला गेला. त्यांनी काँग्रेसकडे अर्ज केला. 1814 मध्ये काँग्रेसने ती जमीन त्यांना परत दिली, आणि त्यांनी तिचा बहुतेक भाग विकून केंटकीतली जुनी देणी भागवली.

लेखातील आणखी एका मौनाविषयी लिहिणे भाग आहे. केंटकी 'निर्जन' होती हे लेखातले विधान खरे नाही. शॉनी आणि चेरोकी तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत होते. 1769 च्या डिसेंबरमध्ये शॉनींनी बून यांना पकडून त्यांची कातडी जप्त केली आणि पुन्हा इकडे फिरकू नका असे बजावून सोडले, तेव्हा ते आपल्या मुलखातल्या चोरट्या शिकाऱ्याला वागवावे तसे वागले होते. सिकामोर शोल्सच्या सौद्याला चेरोकींपैकीच ड्रॅगिंग कनू यांनी कडाडून विरोध केला होता. एल्मच्या सावलीत नऊ कायदे करणाऱ्या त्या सभेत यांपैकी कोणाला जागा नव्हती. बून यांच्या मालकीचे गुलामही होते. 1787 मध्ये, म्हणजे बूर्बन काउंटीचे प्रतिनिधी म्हणून निवडून आले त्याच वर्षी, त्यांची संख्या सात होती. या माणसांचे प्रतिनिधित्व ते विधिमंडळात करत नव्हते, आणि त्यांचे मतदार तशी अपेक्षाही ठेवत नव्हते. बून शॉनींविषयी पुष्कळदा आदराने बोलत, कैदेत दत्तक बाप झालेल्या शॉनी प्रमुख ब्लॅकफिश यांच्याविषयी तर आपुलकीने. पण ज्या जमिनीसाठी ते आयुष्यभर न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले ती मुळात कोणाची, हा प्रश्न त्या खटल्यांत कधी निघालाच नाही.

26 सप्टेंबर 1820 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी, मुलगा नेथन यांच्या घरी ते वारले. हे नेथन बून त्याच वर्षी मिझुरीची राज्यघटना बनवणाऱ्या परिषदेचे सदस्य होते, तेव्हा घरातले हे काम एका पिढीवर थांबले नाही.

आपल्याकडे विनंती एवढीच, की पुढील अंकात निदान तीन दुरुस्त्या छापाव्यात: बून हे 1781, 1787 आणि 1791 मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाचे सभासद म्हणून निवडून आले होते, 1799 च्या स्थलांतरामागे कर्ज आणि जमिनीचे खटले होते, आणि लेखासोबतच्या चित्रातील रकूनच्या शेपटीची टोपी ते घालत नसत, त्यांना फेल्टची हॅट पसंत होती. चित्रच हवे असेल तर चेस्टर हार्डिंग यांनी 1820 मध्ये त्यांना समोर बसवून काढलेले व्यक्तिचित्र उपलब्ध आहे. त्यांच्या हयातीत प्रत्यक्ष पाहून काढलेले तेवढे एकच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक